वाघाच्या पाठाचे गुण कोण देणार?

शाळामास्तरांना वन्यजीव संवर्धनाचे प्रशिक्षण देण्याचा प्रघात आता जुना झाला आहे. कधी वनखाते बोलावते, कधी सामाजिक वनीकरण, कधी मुंबई-पुण्याची एखादी संस्था. दिवस-दोन दिवसांचे शिबिर असते. पडद्यावर वाघ दिसतो, अन्नसाखळी दिसते, दुपारी जेवण होते, चार वाजता प्रमाणपत्र मिळते. त्याआधी पाच मिनिटे एक कागद हातात येतो. शिबिर कसे वाटले? अति उत्तम, उत्तम, बरे. गुरुजींना गावाकडची शेवटची बस गाठायची असते. सगळे अति उत्तमवर खूण करतात आणि उठतात. महिन्याभराने अहवाल निघतो: इतके शिक्षक प्रशिक्षित झाले, त्यातले इतके टक्के समाधानी आहेत. याला मूल्यमापन म्हणतात.

शेतकऱ्याने बियाण्याचे मूल्यमापन असे केले तर? कंपनीच्या माणसाने मेळाव्यात चहा पाजला, रंगीत पत्रक दिले आणि उठता उठता विचारले, ‘काय पाटील, बियाणे कसे वाटले?’ पिशवी अजून फोडलेली नाही. पाऊस यायचा आहे, बोंडअळी यायची आहे. त्या वेळी ‘अति उत्तम’ म्हणणाऱ्याला गाव हसेल. बियाण्याचे गुण काट्यावर ठरतात, मेळाव्यात नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की मास्तरांच्या या प्रशिक्षणाचे गुणही शिबिरात ठरू नयेत. ते वर्षभराने गावात ठरावेत, आणि ज्यांच्या वावरात ही जनावरे उभी राहतात त्यांना ते ठरवताना विचारावे.

हा विषय आपला कसा

कापसाच्या भावाचे सोडून हे वाघा-हरणांचे काय काढले, असे कोणी म्हणेल. दिग्रसला जंगल सफारीचे फाटक नाही, तिकीट नाही, जिप्सी नाही. पण रोही आहेत, रानडुकरे आहेत. वन्यजीव सप्ताह येतो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. शाळेत चित्रकलेची स्पर्धा होते, घोषवाक्ये लिहिली जातात. त्याच दिवसांत ज्वारीचा दाणा भरत असतो, कापसाच्या पहिल्या वेचणीचे सीतादही तोंडावर आलेले असते आणि पोराचा बाप रात्री जागलीला गेलेला असतो. पोराने दिवसा शाळेत रानडुकराचे चित्र रंगवायचे आणि रात्री बापाबरोबर माळ्यावर बसून डबा वाजवायचा. दोन्ही ठिकाणी पोरगा तोच असतो. शिबिराच्या अहवालात मात्र त्याची दिवसाची हजेरी लागते, रात्रीची लागत नाही.

ज्वारी का गेली, हे आपल्याला कोणी सांगायला नको. भाव हे एक कारण झाले. पण पाखरे, रोही आणि डुकरे यांच्या तोंडून ज्वारी वाचवायला रात्रंदिवस माणूस लागतो, म्हणूनही कितीतरी घरांनी ती सोडली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी दावणीची जनावरे कमी झाली. वन्यप्राण्यांचा आणि खेड्याचा हा संबंध आहे. तो कोणत्याही अन्नसाखळीच्या तक्त्यात काढलेला मी पाहिला नाही.

वाघाचेही तसेच. आर्णी-घाटंजीच्या पलीकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर. तिथल्या एका तरण्या नर वाघाच्या गळ्यात २०१९ साली पट्टा बांधला. तो निघाला, तेलंगणात जाऊन आला, परत महाराष्ट्रात शिरला आणि डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची १,३०० किलोमीटरहून जास्त चाल झाली होती. ही वाट अभयारण्यांतून नव्हती. नाल्याच्या काठाने, तुरीतून, पऱ्हाटीतून, आपल्यासारख्यांच्या वावरांतून होती. वाटेत तो लपला होता तिथे माणसे जवळ गेली, तेव्हा जखमी होण्याचा प्रकार घडला. कोणाचा जीव मात्र गेला नाही. एवढा मोठा पल्ला वाघाने गाठला आणि वाटेतल्या खेड्यांनी तो गाठू दिला. कौतुक वाघाचे झाले. खेड्यांची पाठ कोणी थोपटल्याचे ऐकले नाही.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट याच्या उलट आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री टी-१ उर्फ अवनी वाघिणीला गोळी घालून मारण्यात आले. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. वाघिणीसाठी मोठ्या शहरांतून मोर्चे निघाले. मेलेल्या तेरा जणांपैकी एकाचे तरी नाव त्या मोर्चातल्या किती जणांना ठाऊक होते? पण हा राग बाजूला ठेवून एक प्रश्न विचारू. त्या काळात त्या गावांतल्या मास्तरांना कोणता पाठ उपयोगी पडला असता? अन्नसाखळीचा, की एकट्याने वावरात जाऊ नये, तिन्हीसांजेच्या आत परतावे, वाकून वेचणी करताना एकाने उभे राहून नजर ठेवावी, ताजा माग दिसला तर कोणाला कळवावे, याचा? वन्यजीव शिक्षणाचे मूल्यमापन इथून सुरू व्हायला हवे.

आणि हे शिक्षण कोणाची मेहेरबानी नाही. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करायला सांगितले, आणि पुढे २००३ साली पुन्हा कान पिळले. लहान वर्गांत परिसर अभ्यास आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आहे, २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना आहे. ताडोब्याच्या बफरमधल्या शाळकरी पोरांना जंगल दाखवणारा ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम वनखाते चालवते. सरकारी पैसा जिथे लागतो तिथे हिशेब मागण्याचा हक्क येतो. कर्जाचा हिशेब आपल्याकडून पैशापैशाने मागतात, तर पाठाचा हिशेब आपण का मागू नये?

चार पायऱ्या, आणि पहिलीवरच मुक्काम

प्रशिक्षण मोजावे कसे याचे शास्त्र फार अवघड नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९ साली त्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली: शिबिराला आलेल्यांना ते आवडले का. दुसरी: ते काही शिकले का. तिसरी: परत गेल्यावर त्यांच्या कामात काही बदलले का. चौथी: त्या बदलाने ज्यासाठी हा खटाटोप केला ते साधले का. आपल्या भाषेत सांगायचे तर बियाण्याची पिशवी आवडणे, उगवण होणे, बोंडे लागणे आणि कापूस घरात येणे.

आपल्याकडची बहुतेक शिबिरे पहिल्या पायरीवर बसकण मारतात. काही दुसरीवर जातात. सकाळी वीस प्रश्नांचा कागद, संध्याकाळी तोच कागद. सकाळी दहाला सात गुण, संध्याकाळी पाचला सोळा. झाले, ज्ञानात भरघोस वाढ! मधल्या वेळात तीच उत्तरे पडद्यावर दाखवली असतील तर गुण वाढणारच. आठ महिन्यांनी तोच कागद त्याच गुरुजींपुढे ठेवून बघा. त्या दिवशी वाढलेले नऊ गुण पऱ्हाटीच्या पहिल्या फुलांसारखे असतात. किती टिकले ते नंतर कळते.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर कोणी का जात नाही? घोडे इथेच पेंड खाते. खर्चाचे वर्ष मार्चअखेर संपते. अहवाल त्याआधी द्यायचा असतो आणि पुढच्या निधीचा अर्ज त्या अहवालावर असतो. वर्षभराने गावात जाऊन ‘काही बदलले का’ विचारायचे तर कोणत्या खात्यातून भत्ता मिळणार? शिवाय उत्तर ‘नाही’ आले तर? प्रशिक्षण देणारा आणि त्याला गुण देणारा एकच असला की असे होते. आडत्यानेच माल घ्यायचा, आडत्यानेच तोलायचा आणि आडत्यानेच म्हणायचे की माप बरोबर आहे.

न फवारलेले तास

शिबिराला गेलेल्या मास्तरांच्या शाळा वर्षभराने चांगल्या निघाल्या, तरी तो गुण शिबिराचाच हे कशावरून? समजा त्याच वर्षी तालुक्यात वाघ फिरून गेला. मग शाळा काय, चहाची टपरी काय, सगळीकडे वाघाचीच चर्चा. शिबिर न होताही पोरे चार गोष्टी शिकली असती. आपण नवे औषध मारतो तेव्हा जाणता शेतकरी दोन तास न फवारता सोडतो. अळी दोन्हीकडे सारखीच कमी झाली तर काम पावसाने केले, औषधाने नाही. ते सोडलेले तास नसेल तर दुकानदार म्हणेल ते खरे मानावे लागते.

शाळांचेही तसेच करता येते. यंदा तालुक्यातल्या निम्म्या केंद्रांतल्या मास्तरांना प्रशिक्षण द्या, उरलेल्यांना पुढच्या वर्षी. कोणाचेच नुकसान नाही. कोण आधी, कोण नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठ्या का? कारण कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट कुठे असतो ते आपण पाहिले आहे: डांबरी रस्त्याला लागून, विहीर असलेल्या बागायतदाराकडे, काळ्या कसदार जमिनीत. मुरमाड, उताराच्या कोरडवाहू वावरात तो कधीच नसतो. शिबिरासाठीही अशीच रस्त्यावरची, हौशी मुख्याध्यापक असलेली शाळा निवडली जाते आणि तिचाच फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर येतो. तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत, जिथे एका मास्तरापुढे दोन-तीन इयत्ता बसतात, तिथे हे प्रशिक्षण किती टिकते यावर त्याची खरी किंमत ठरेल.

काय मोजले यावर सारे आहे

चुकीची गोष्ट मोजली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात उसाच्या शेतांत बिबटे राहत. २००१ ते २००३ या काळात वनखात्याने पिंजरे लावून शंभराहून अधिक बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलांत नेऊन सोडले. पकडलेले बिबटे मोजले तर काम जोरात चालले होते. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरचे हल्ले मोजले. आधीच्या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवण्याच्या काळात ते वर्षाला १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या काही तिथे गप्प बसत नाही. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पिंजरे मोजणाऱ्याला जे यश दिसत होते, ते माणसे मोजणाऱ्याला संकट दिसले.

आपल्याजवळचे दुसरे उदाहरण पीकनुकसानीचे. ताडोब्याच्या पश्चिम हद्दीवरच्या वावरांत काही संशोधकांनी नुकसान वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून पाहिले आणि २०१६ साली ते छापले. जनावरे चरून गेल्यावर नुसत्या नजरेने केलेला अंदाज आणि शेवटी घरात आलेल्या उत्पन्नातली तूट यांचा मेळ बसत नव्हता. नजरेचा अंदाज फार कमी भरत होता. पंचनाम्याच्या दिवशी आपण हेच तर ओरडून सांगत असतो.

शिबिरांत मुलांचा ‘दृष्टिकोन’ मोजतात, तेही नजरेच्या अंदाजासारखेच. ‘वन्यप्राणी तुला आवडतात का?’ असा प्रश्न मास्तरांच्या देखत विचारला तर कोणते पोर नाही म्हणेल? कर्नाटकात २०१८ पासून सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीज या संस्थेने जंगलाकाठच्या खेड्यांत ‘वाइल्ड शाळे’ नावाचा शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, पुढे तो इतर राज्यांतही नेला. त्याच्याशी संबंधित अभ्यासकांनी ग्रामीण मुलांचा वन्यप्राण्यांविषयीचा कल मोजणे किती अवघड आहे, यावरच निबंध लिहिला. हा प्रामाणिकपणा मला आवडला. अवघड आहे हे कबूल करणारा निदान खोटे माप तरी देत नाही.

तर मग मोजावे काय? बोलणे मोजण्यापेक्षा करणे मोजावे. आणि ज्यात जीव जातो ते आधी मोजावे.

पहिली गोष्ट तारेची. डुकरासाठी धुऱ्यावर तार ओढून तिच्यात थेट खांबावरची वीज सोडण्याचा प्रकार आपल्या भागात होतो, हे नाकारून चालणार नाही. त्या तारेला डूक नुसते ओळखीने लागत नाही. वाघ लागतो, बैल लागतो, पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी लागतो, कधी स्वतःचा पोरगा लागतो. सौर कुंपणात यंत्र थांबून थांबून क्षणभराचा झटका देते. तो बसतो, जनावर पळते, जीव जात नाही. खांबावरची २३० व्होल्टची वीज धरून ठेवते. हा फरक सातवीच्या विज्ञानात बसतो आणि बापाला तो मास्तरापेक्षा पोरगा चांगला सांगू शकतो. प्रशिक्षणाच्या गावांत आणि न झालेल्या गावांत थेट तारा किती उरल्या? सौर कुंपणाच्या अनुदानासाठी जन-वन विकास योजनेत आपले गाव बसते का, ही चौकशी किती जणांनी केली? हे मोजता येते. आकड्यासाठी कोणाच्या घरावर पोलीस आणायचे नाहीत. नाव न घेता, गावाचा मिळून आकडा घ्यायचा.

दुसरी गोष्ट सापाची, आणि इथे थोडे थांबायला हवे. वन्यजीव शिक्षण म्हटले की वाघ आठवतो, पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात मरण येते ते बहुधा सापाच्या पायाने. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा मोठ्या पाहणीचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक खेड्यातली, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे पेरणी, निंदण, डवरणीच्या दिवसांत. केंद्र सरकारने २०२४ साली कृती आराखडा काढला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार ओळखायचे. चावलेल्या जागी कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, तो अवयव हलू द्यायचा नाही, मांत्रिकाकडे वेळ घालवायचा नाही, थेट सरकारी दवाखान्यात न्यायचे, प्रतिविष तिथेच मिळते. एवढा पाठ मास्तरांनी पक्का केला आणि वर्षभरात गावात साप चावलेली दोन माणसे आधी मांत्रिकाकडे न जाता दवाखान्यात पोचली, तर त्या प्रशिक्षणाला मी दहापैकी दहा देईन. वाघाचे चित्र एकाही पोराला काढता आले नाही तरी चालेल. शिवाय, साप ओळखणारे पोर धामण मारू देत नाही. धामण उंदीर खाते. संवर्धन आपोआप झाले, घोषवाक्य न लिहिता.

तिसरी गोष्ट कागदाची. वासरू मारले गेले, तूर खाल्ली गेली, तर भरपाई आहे. माणूस गेला तर २०२२ साली ठरलेली २० लाखांची रक्कम पुढे २५ लाखांवर गेली. पण ती मिळायची तर मुदतीत कळवावे लागते आणि मुदत दिवसांत मोजायची असते, आठवड्यांत नाही. मेलेले जनावर पंचनाम्याआधी हलवायचे नसते. अर्ज, सातबारा, फोटो लागतो. आठवीतल्या मुलीला भाषेच्या तासाला अर्जलेखन असतेच. सहलीला परवानगी मागणाऱ्या अर्जाऐवजी रोह्यांनी तूर खाल्ल्याचा अर्ज लिहायला लावा. प्रशिक्षणाआधीच्या वर्षी गावातून असे किती अर्ज वेळेत गेले आणि नंतरच्या वर्षी किती, हा आकडा वनखात्याच्याच दप्तरात आहे. त्यासाठी वेगळी पाहणी नको.

राज्य सरकारने २०१५ साली पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना परवानगी घेऊन मारण्याची तरतूद केली होती. तिच्या अटी अशा की तिचा वापर करणारा शेतकरी शोधावा लागे. अशी गोष्ट मास्तरांच्या प्रशिक्षणात सांगावी का, यावर वाद होईल. माझ्या मते सांगावी. कायदा शिकवायचा तर पूर्ण शिकवावा. शिक्षा सांगायची आणि सवलत झाकायची, याला शिक्षण म्हणत नाहीत.

सहनशीलतेचे माप नको

आता सावध राहायची गोष्ट. या विषयावरच्या इंग्रजी निबंधांत एक माप फार लाडके आहे: सहनशीलता. शिक्षणाने, प्रबोधनाने गावकऱ्यांची वन्यप्राण्यांविषयीची सहनशीलता वाढली का? वाढली तर कार्यक्रम यशस्वी. शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, हे माप आपल्याला मंजूर आहे का? बैलाच्या खांद्याला घट्टे पडले की जू टोचत नाही. म्हणून जू हलके झाले असे होत नाही.

नुकसान कमी झाले आणि त्यामुळे राग कमी झाला, तर आनंद आहे. भरपाई वेळेत मिळाली, कुंपण झाले, जागलीच्या रात्री कमी झाल्या, आणि मग कोणी म्हटले ‘असू दे, जनावरच आहे’, तर ते शिक्षणाचेही यश आणि सरकारचेही. पण नुकसान होते तेवढेच राहिले आणि मास्तरांच्या पाठांनी माणूस फक्त गप्प बसला, तर तेही या मापात यश म्हणूनच नोंदले जाईल. म्हणून सहनशीलता मोजायचीच असेल तर त्याच कागदावर शेजारी नुकसानही मोजा. एकटे माप घेऊ देऊ नका.

मास्तरांचीही यात कोंडी आहे, ती समजून घ्यावी. आमच्या तालुक्यातल्या एका गुरुजींनी सांगितले ते असे. शिबिरातून परतल्यावर त्यांनी वर्गात सांगितले, रानडुक्कर निसर्गाचा मित्र आहे. मागच्या बाकावरून आवाज आला, ‘गुरुजी, मंग आमच्या वावरात काहून येते? तुमच्या घरी न्या ना.’ वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, ‘माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि शिबिरात ते कोणी दिले नव्हते.’ त्यांनी त्या दिवशी पाठ बंद केला. शिबिराच्या अहवालात त्यांचीही खूण अति उत्तमवरच आहे.

त्या पोराचा प्रश्न हाच खरा प्रश्नपत्रिकेतला प्रश्न. डुकरे का वाढली? त्यांना खाणारा वाघ-बिबट्या बहुतेक रानांतून गेला म्हणून, की पिकाच्या हंगामभर उभ्या पऱ्हाटीत-तुरीत त्यांना दडायला जागा आणि खायला दाणा मिळतो म्हणून, की दोन्ही? मास्तरांना याची उत्तरे शोधायला शिकवणारे प्रशिक्षण आणि ‘मित्र आहे’ हे वाक्य पाठ करून घेणारे प्रशिक्षण, यांत फरक आहे. तो फरक पाच मिनिटांच्या कागदावर दिसत नाही. वर्षाने त्या वर्गात जाऊन पोरांनाच विचारले तर दिसेल. आणि ज्या वर्गातले पोर घरी जाऊन बापाला गुन्हेगार समजू लागले, त्या प्रशिक्षणाचे गुण कापावेत.

आपल्यातच काही जण म्हणतात, आधी डुकरांचा बंदोबस्त करा, मग शिकवा. त्यात खोटे काही नाही. शाळेतला पाठ हा भरपाईला पर्याय नाही आणि कुंपणालाही नाही. पण डुकरांचा बंदोबस्त होईपर्यंत पोरे शाळेत जाणारच आहेत, शिबिरे होणारच आहेत, तारांना माणसे लागणारच आहेत. आपण बाहेर उभे राहिलो तर गुण देणारे दुसरेच राहतील.

गुण द्यायचे कोणी

त्यासाठी नवी समिती मागायला नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या जागा बायांच्या. कागदावर ती सगळीकडे आहे, सह्यांपुरती बहुतेक ठिकाणी. हे काम तिच्याकडे घ्यावे. बायांनी तर जरूर घ्यावे, कारण वेचणीला वाकलेली तीच असते आणि सरपणाला रानात जाणारीही तीच.

एक पथ्य पाळावे. गुण प्रशिक्षणाला द्यायचे आहेत, मास्तरांना नाही. जनगणना, निवडणूक आणि रोजची ऑनलाइन माहिती यांनी ते आधीच वाकले आहेत. त्यांच्यावर आणखी एक रजिस्टर लादले तर ते तेही भरतील, आणि तेही अति उत्तमच भरतील.

दिग्रसच्या मेळाव्यात येणाऱ्या गावांनी एवढे करावे. वन्यजीव सप्ताहाच्या आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवावा. गावात थेट विजेच्या तारा अंदाजे किती, गेल्या वर्षी साप चावलेले किती आणि त्यातले आधी दवाखान्यात गेलेले किती, नुकसानीचे अर्ज किती गेले आणि किती वेळेत, आपले मास्तर कोणत्या शिबिराला केव्हा गेले, हे एका वहीत लिहावे. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा लिहावे. शेजारच्या, शिबिर न झालेल्या गावाची तीच माहिती मागून घ्यावी. दोन्ही वर्षांच्या वह्या जिल्हा बैठकीला आणाव्यात, आणि शिबिर घेणाऱ्यांनाही त्या दिवशी बोलवावे. त्यांचा अहवालही त्यांनी सोबत आणावा.